ताईच्या बाटलीतला जंतू

न्हाई सर, बाटली न्हाई. किती बार सांगू? शीतलताईला जाऊन अठरा दिवस झाले — दहाव्याला तुमच्या कॉलेजातलं कुत्रं फिरकलं न्हाई, अन् आज बाटलीसाठी गाडी काढून आले! काय म्हणता — नवीन जात हाय? मंग? तुम्ही शोधली का? चार महिने मी तिला गाडीवर तळ्याला नेत व्हतो, बांधाच्या मागं, जिथं पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो तिथं — ती गुडघाभर गाळात, तुम्ही एसीत. गंधकाच्या घाणीवर जगणारा जंतू म्हणे! सातवी नापास हाय मी, पण घाण कुणी काढली अन् जगतं कोण, एवढं कळतं.

काय? नाव तिचंच द्यायचंय? ...खरं? पण दोन देशांत जिता जंतू ठेवल्याबिगर नाव पक्कं होत न्हाई, अन् तुमच्याकडचा मेला? वा! दर पंधरवड्याला नव्या पाण्यात घालायचं काम तीच करायची, तुम्हाला एवढंबी जमलं न्हाई! एवढी बुकं वाचून एक जंतू सांभाळता येईना!

ओतलं सर. मी ओतलं. माणूस गेलं की भरलेलं पाणी घरात ठेवत न्हाईत आमच्यात — रांजण, हंडे, कळशा, सगळं रिकामं. गोजरबाई मावशी म्हणली, थेंब ठेवू नको. खिडकीतली बाटलीबी उचलली. वास आला तव्हा कळलं — पण तवर मातीत गेल्तं. अन् ती बाटली घरात का राह्यली, ते विचारा ना! ताई त्या दिवशी म्हणली, जालन्याला सोड, हे कॉलेजात न्यायचंय. मी म्हणलो, तुझी घाण माझ्या गाडीवर नको, जीपनं जा. जीपवाल्यानं बाटली घेऊ दिली न्हाई. ठेवली खिडकीत, अन् गेली. पुलावर ती जीप — जाऊ द्या. तळ्यात पुन्हा सापडंल म्हणता? शोधा की. पँट वर करा अन् उतरा गाळात.

उठा आता. थांबा — आई आली, दळण घेऊन. तिला मी सांगितलंय, बाटली सरांनी नेली, ताईचा जंतू कॉलेजात जिता हाय. रोज विचारती, त्याला खायला घालतात का म्हणून. तुम्हालाबी विचारंल. हो म्हणा, सर. हो म्हणा, अन् निघा.