मामांच्या मोटारीचं मीटर

मीटर दुरुस्तीचा विषय निघाला की आमचे मामा आठवतात. त्यांच्या जुन्या, बिनटपाच्या स्पोर्ट्स कारचं मीटर मैलांचं आणि रस्त्यावरचे नवे दगड किलोमीटरचे. मामांना वाटायचं, मीटरच बिघडलंय. शेवटी नगरच्या रशीदभाई मेकॅनिकनं आतलं दातेरी चाक बदललं आणि आकडे दगडांशी जुळले. मामा खूश! पण वेगाचा काटाही त्याच चाकावर फिरायचा, म्हणजे मैलांच्या तबकडीवर तोही आता किलोमीटरच दाखवणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मला शेजारी बसवून शेवगावला परतताना काटा साठावर गेला. मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "साठ मैल! टोपी सांभाळ रे!"

तेवढ्यात मागून हॉर्न देत एस.टी. आली आणि आरामात पुढं निघून गेली.

 मामा म्हणाले, "आरं, ह्या यष्टीला उडत्या इमानाचं इंजिन बसवलंय का काय?"