पहिलंच डिझाइन पास झालं

— अहो, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मी नाटकासाठी कापला होता — इकडे सोफ्यावर बसा, ऐसपैस. मुलगी चहा करतेय, तोवर तुम्ही माझ्या तावडीत. ही भिंतीवरची चित्रं? सगळी माझीच. हं, छान म्हणालात, पण कुठलं छान ते नाही सांगितलंत — हुशार आहात. ते निळं आहे ना, ते सरोवर. हिची आई म्हणायची, यातली बोट कुठली आणि बदक कुठलं ते खाली लिहून ठेवा. तिला जाऊन चार वर्षं झाली, बोट अजून मलाही सापडलेली नाही.

जाहिरातीत अठ्ठावीस वर्षं काढली मी. कशाकशाच्या केल्या विचारू नका — विचारताय? बरं, मग ऐका. सुरुवात अक्षरं कापून चिकटवण्यापासून, तेव्हा कात्री आणि गोंद हाच आमचा कॉम्प्युटर — मग साबण, मग पंखे, मग पाण्याचे पंप, शेवटी अख्ख्या एजन्सीचा क्रिएटिव्ह प्रमुख, म्हणजे स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्यानं केलेल्यावर नाक मुरडायचं. बाजूला कविता चालूच. एक विरहाची इतकी जमली होती — 'तू नसताना खोलीत वारा नाही' — ऑफिसात मोठ्यानं वाचली आणि पंखेवाल्यानं जागेवर उचलली. नाटकातही होतो, तिन्ही अंक मेलेल्या माणसाचं काम. एकदा शिंकलो, अख्ख्या नाटकाला मिळालेली ती एकच टाळी.

आता धंद्याचं गुपित सांगतो, बाहेर बोलू नका. क्लायंटला डिझाइन एक दाखवायचं नसतं, तीन दाखवायची. पहिलं मुद्दाम मिळमिळीत. दुसरं मुद्दाम इतकं भन्नाट, की त्याला घाम फुटावा. आणि तो घामाघूम झाला की तिसरं काढायचं, आपल्याला हवं असलेलं. तो सुटकेचा निःश्वास टाकून सही करतो आणि वर समजतो, निवड आपण केली. कधी फसलं नाही का? एकदा फसलं ना! पंपवाल्यानं पहिलंच उचललं — पंपाशी हस्तांदोलन करणारा माणूस — आणि अकरा वर्षं चालवलं. चौकाचौकात तो माणूस माझ्याकडे बघून हसायचा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, टाकाऊ डिझाइन करायचं तर मन लावून टाकाऊ करा.

तुमच्याआधी मुलीनं दोघांना आणलं होतं, ठाऊक आहे ना? 'बाबा, तिघंही चांगले आहेत, तुम्हीच ठरवा,' म्हणाली. पहिला विमा कचेरीतला. गळ्यापर्यंत बटणं, भांग पट्टीनं आखलेला, आणि काही बोला — 'हो काका'. म्हटलं, ऊन फार आहे — हो काका. म्हटलं, नाही म्हणा फारसं — हो काका. दुसरा आला तो अनवाणी, खांद्यावर मांजर. म्हणाला, लग्नानंतर आम्ही झाडावर राहणार. मला पाणी प्यावं लागलं. आणि आता तिसरे तुम्ही, कसे अगदी बेताचे, नीटनेटके — थांबा. हसलात का? हसलात, मी बघितलं. पहिला मिळमिळीत... दुसऱ्यानं मला घाम... अरे लेका! कोण आहेत रे ते दोघं? मांजरवाला तुझा मित्र? आणि मांजर? शेजारणीचं! आणि तो विमेवाला — सख्खा मावसभाऊ?

वा! काय कार्टी आहे! शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून रंगवायची. मला वाटायचं रंगवतेय, ही ऐकत होती! प्रत्यक्ष बापाला क्लायंट केलं! अठ्ठावीस वर्षांत एक धड शिष्य मिळाला नाही, आणि मिळाला तो स्वतःच्या घरात — अरे, मला इतका आनंद झालाय ना —

नाही, आनंद कसला. लेका, घोटाळा झालाय. मी पहिलंच पास केलंय. हो, 'हो काका'च! त्याला कविता वाचून दाखवल्या, बेचाळीस, आणि त्यानं एकदा घड्याळाकडे बघितलं नाही. काल दुपारी त्याच्या आईला फोन करून सांगितलं, आमच्याकडून होकार. हिला आज संध्याकाळी सांगणार होतो, तुला नुसता चहा पाजून वाटेला लावल्यावर — मनाला लावून घेऊ नकोस, तेव्हा तू मला माहीत नव्हतास. ती बाई तर आनंदानं रडलीच. आज सकाळी हॉलसुद्धा ठरवला त्यांनी. कपाळ काय पुसतोस, मावशी तुझी आहे, तूच सांग, ठरवलेलं सोडणारी बाई आहे का? नाही ना? झालं तर मग.

खरं कारण सांगू? कविता हे आपलं निमित्त. त्याचं घर इथून दोन गल्ल्या. आणि तू हिला घेऊन जाणार विमानानं नऊ तास लांब, हे तिनं परवा सहज बोलता बोलता सांगितलं, मीही सहज ऐकून घेतलं. मला तो मुलगा आवडला नव्हता रे, मला त्या दोन गल्ल्या आवडल्या होत्या. हिची आई गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला ती एकटीच आहे. ती गेली की मी काय करणार, मला काही सुचत नाही — बघ, नको ते बोलून गेलो. तिला यातलं अवाक्षर कळता कामा —

अगं, तू कधीची उभी आहेस? ट्रे ठेव आधी. आणि रडायचं काय त्यात? थट्टा करत होतो मी याची, विचार हवं तर. काम झकास होतं तुझं, अगदी झकास, फक्त पहिलं जरा जास्तच चांगलं झालं. हॉल राहू दे. जागा तीच, तारीख तीच, नुसता मुलगा बदलायचा, आमच्या धंद्यात रोजचं आहे हे. मावशींचाच भाचा आहे, फार लांब जायला नको — अगं, आता 'लांब'सुद्धा म्हणायचं नाही का मी?

जा बघू दोघं, चक्कर मारून या. चहा राहू दे, तिन्ही कप मी पितो. मावशींना फोन मीच करणार, चूक माझी आहे. नाही, तू थांबू नकोस. आणि हो, दार ओढून घ्या. इतक्यात येऊ नका. असा आवाज घेऊन कुणाला फोन करता येत नाही, थोडा वेळ लागेल मला. जा म्हटलं ना.