सगळ्यांचे हात वर

—थांबा, थांबा बाई, पाय तिथंच ठेवा! आत नका टाकू. उंबरठ्यावर चालेल — उंबरठ्याचा नियम अजून झालेला नाही, मधल्या सुट्टीनंतर करणार होतो, राहूनच गेला. तुम्ही नव्या बाई ना? ओळखलं मी. नवीन माणूस पर्स दोन्ही हातांनी धरतो. उद्यापासून येणार होतात, आज नुसता वर्ग बघायला आलात — मग बघा की, तिथूनच बघा. ही पहिली. ही मुलं. हात वर का केलेत म्हणता? सांगतो, सगळं सांगतो. मी शिपाई. घंटा वाजवतो म्हणून सगळे घंटामामा म्हणतात. आणि मागच्या बाकावर, ते गुडघे हनुवटीला लागलेत ना, त्या मोठ्या बाई. हो, हो, आपल्या मुख्याध्यापक बाईच. त्या नाही बोलायच्या आत्ता. डस्टर त्यांच्याकडे नाही. त्यांच्या शेजारी पाना मांडीवर घेऊन बसलाय तो नळवाला. छे, पालक कुठला! सकाळी नळ दुरुस्त करायला आला, 'बेसिन कुठाय' एवढं विचारायला आत डोकावला, एक पाय आत पडला — आणि बसला.

कसं म्हणजे? असं झालं बघा. आधीच्या बाई बाळंतपणाला गेल्या. जाताना मुलांना म्हणाल्या, 'आत्ता आले हं.' आता आपण मोठी माणसं, आपल्याला कळतं आत्ता म्हणजे कधी. लहानांचं आत्ता म्हणजे आत्ताच असतं. मुलं दाराकडे बघत बसली. दप्तर उघडेनात, डबा खाईनात. मग मोठ्या बाई मला म्हणाल्या, 'मामा, नव्या बाई येईपर्यंत तुम्ही बसा यांच्यात.' त्या नुकत्याच कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. वर्गाचे नियम म्हणे मोठ्यांनी लादायचे नाहीत, मुलांनीच करायचे, म्हणजे मुलं ते पाळतात. 'तुम्ही फक्त मान हलवा.' मी म्हटलं, जमेल. शिपायाला दुसरं काय येतं? जन्मभर मानच हलवली. आणि मुलांसमोर हात वर करून त्या म्हणाल्या, 'नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखा!' हे त्या म्हणाल्या हं बाई, मी नाही. बघा, मागून मान हलवतायत. हलवणारच, दुसरं काय करतील?

पहिला नियम डस्टरचा. ज्याच्या हातात डस्टर, त्यानंच बोलायचं. चांगला आहे ना? मलाही वाटला. पण दुसऱ्याच दिवशी आमचा गोट्या — तो, शेंबूड पुसतोय तो — डस्टर हातात घेऊन झोपला. झोपलेल्याला उठवायचं तर बोलावं लागतं, आणि बोलायचं तर डस्टर लागतं. अख्खी सकाळ वर्गात चिडीचूप. मोठ्या बाई खिडकीतून बघून गेल्या, म्हणाल्या, 'वा मामा, काय शिस्त लावलीत!' आता माझ्या हातात आहे ना डस्टर, म्हणून मी एकटाच बोलतोय. तुम्ही बाहेर आहात, तुम्हाला मुभा आहे. विचारा बिनधास्त.

दुसरा नियम — मारायचं नाही. अगदीच राहवेना तर बाकाला मारायचं, आणि मग बाकाची माफी मागायची. मोठ्या बाईंनीही मागितली. दुपारी आम्हाला बघायला आत आल्या त्या बसल्याच; चिडून बाकावर थाप मारली त्यांनी, मग सगळ्या वर्गानं बघितलं त्यांच्याकडे. काय करतात बिचाऱ्या! वाकून म्हणाल्या, 'सॉरी.' तिसरा नियम — कुणी एकट्यानं रडायचं नाही. एक रडला की सगळ्यांनी रडायचं, म्हणजे कुणी कुणाला रडूबाई म्हणणार नाही. हा नळवाला दुपारी पळून जायला निघाला होता, तर गोट्या रडायला लागला, मग वर्ग रडला, मोठ्या बाई रडल्या, मग हाही परत येऊन रडला. मुलांचं आवरलं, मोठ्या बाईंचं आवरलं, याचं काही आवरेना. कुणी विचारलं नाही का म्हणून. विचारायचा नियम नाही ना. पण रडून झाल्यावर यानंच गोट्याला आपला रुमाल दिला, आणि तेव्हापासून गप बसलाय शहाण्यासारखा.

टकटक? कसली टकटक? काही नाही हो, जुनी लाकडं, कुरकुरतात.

हां, आणि चौथा नियम. तो बटणचा. बटण म्हणजे आमची एक पोरगी, फ्रॉकचं बटण सारखं तोंडात, म्हणून बटण. आधीच्या बाई गेल्या तशी त्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली, तिथंच बसते. तिथूनच तिनं नियम केला. ज्याला बाहेर जायचंय त्यानं खरं सांगायचं, कुठं चाललो आणि येणार का नाही. 'आत्ता आले' म्हणायचं नाही. आणि आत बसलेल्या सगळ्यांचे हात वर झाले, तरच जायचं. एकाचा जरी खाली असला तरी बसायचं. शाळेची घंटा झाली की मात्र सगळे मोकळे. मी हलवली मान. मला काय माहीत, असं होईल म्हणून! तर आज शेवटच्या तासापासून कुणी हललेलं नाही. घंटा? घंटा कोण वाजवणार बाई, मीच वाजवतो, आणि मी आत! ही बघा, हातोडी माझ्याच खिशात. मला घंटेपर्यंत सोडायचं म्हणूनच हे हात वर. त्यामुळे बाकीची शाळाही बसलीय. सातवीवाले तोच धडा पुन्हा वाचतायत, ऐकू येतंय ना? फाटकाशी पालक उभे आहेत. उन्हं भिंतीवर चढली.

म्हणजे बटणनंच अडवलंय सगळं, काय करणार. तिचा हात काही दिसत नाही— बरं बरं, ऐकतोय मी! टकटक करू नकोस!

...हो, बाई. बरोबर ओळखलंत. तिचीच टकटक. हात वर केला की टेबलाच्या फळीला लागतो. केव्हापासून वर आहे तिचा. मोठ्या बाईंचाही आहे, नळवाल्याचे तर दोन्ही. मग कुणाचा नाही? माझा खांदा धरलाय हो. आणि एका हातात डस्टर, एक हात खिशात हातोडीवर, दोन्ही हात गुंतलेले. डस्टर ठेवता येतं, हो. शेवटच्या तासापासून मी कुणाला दिलंही नाही ते, तेही खरं. मोठ्या बाई केव्हाच्या मागतायत, मी भिंतीकडे बघतो. त्यांच्या हातात गेलं की त्या बोलणार. त्यांना माहितीय ना सगळं. संध्याकाळी मुलगा यायचाय मला न्यायला, सूनबाईनं माझ्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी केलीय, गोड पोरगी आहे, पण मी एकदा बाहेर पडलो, ती घंटा वाजवली, की झालं, मग उद्यापासून काही मी—

...

बघितलंत? खाली आले सगळ्यांचे हात. गोट्या, वर कर रे हात. अरे, दुखत होता ना मघापासून? नळवाले, निदान तुम्ही तरी! तुमची-माझी आजचीच ओळख. मोठ्या बाई, तुम्ही तर माझ्या कागदावर सही केलीत, आणि आता तुम्हीही खाली? हे बघा मुलांनो, मामा आता म्हातारा झालाय. म्हाताऱ्या माणसाला शाळा घरी पाठवते. सांगणारच होतो मी. सकाळीच सांगणार होतो, तोंडाशी काय यायचं तर 'आत्ता आलो', आणि ते तर म्हणायचं नाही. म्हणून बसून राहिलो. नाही बाई, रडत नाहीये, खडू गेलाय डोळ्यात. मी रडलो तर सगळ्यांना रडावं लागेल, आणि हा नळवाला पुन्हा सुरू झाला तर रात्र होईल.

टकटक.

ऐकलंत? तिनं नाही घेतला हात खाली. ये गं, बाहेर ये. अशी इथं, उजेडात. बघा, बघा रे, एवढ्या दिवसांनी टेबलाखालून बाहेर आलीय, आणि हात वर धरूनच आलीय! खरं सांगितलं म्हणून ना, बटण? परत नाही येणार मी रोज. कधीतरी येईन, फाटकाशी. हे खरं आहे. या नव्या बाई रोज येतील. येणार ना बाई? नीट सांगा हं, ती ऐकतेय. ...हां. बघ, खरं सांगितलं त्यांनी. चला रे, गोट्या, हां. शाब्बास. मोठ्या बाई. नळवाले, एकच पुरे. आणि हा माझा.

झाले सगळ्यांचे. आता जाऊ शकतो मी. पण बाई, एक काम करा. ही हातोडी धरा. घंटा व्हरांड्याच्या टोकाला टांगलीय. पहिला टोल हळू मारा, बारकी पोरं दचकतात, मग जोरात. मी इथंच बसतो, गोट्याशेजारी. सरक रे. आमच्या लहानपणी शाळेला घंटा नव्हती, मास्तर टाळी वाजवायचे, आणि तिथंही मी फार दिवस बसलो नाही. इथं एवढी वर्षं वाजवली, पण बाहेर उभं राहून. आत बसलेल्याला ती कशी ऐकू येते, मला ठाऊक नाही.

जा तुम्ही. डस्टर मी खाली ठेवतोय, आता कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.