दोन वेण्या

कोन मोजायच्या माझ्या पट्टीवर माझा फार भरवसा होता, तो एका पेशंटनं घालवला. पिंपळे सौदागरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीला असलेले गायकवाड तिथं यायचे, खांदा जखडला म्हणून. दोन महिन्यांत हात सरळ डोक्यावर गेला. मी फाइलवर 'खांदा पूर्ण बरा' लिहिलं आणि शेवटचा फॉर्म त्यांच्या हातात दिला. 'आता तुमची कामं जमतात का?' यापुढं त्यांनी लिहिलं, नाही.

"अहो, हात तर पूर्ण वर जातोय," मी जरा चिडूनच म्हणाले.

"मॅडम, आमच्याकडं पार्ट मापाच्या गेजमध्ये पास झाला आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत बसला नाही, तर तो रिजेक्टच."

"मग तुमचं कुठं बसत नाहीये?"

ते लाजले. "बायको सकाळी फर्स्ट शिफ्टला जाते. पोरीच्या वेण्या मी घालतो. हात वर जातो, पण धरून ठेवता येत नाही. अर्ध्या वेणीतच खाली येतो."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी हात किती वर जातो तेवढंच मोजत होते. तिथं किती वेळ राहतो, हे एकदाही मोजलं नव्हतं. मी फाइलवरचं खोडलं आणि व्यायाम बदलले.

तीन आठवड्यांनी त्यांनी फॉर्म स्वतःहून मागून घेतला. त्याच प्रश्नापुढं लिहिलं, 'एक वेणी झाली. दुसरी बाकी.'

पट्टी ड्रॉवरमधून न काढताच मी पुढची तारीख दिली.