धुऊनही न गेलेला भंडारा

(म्हैसूर, १९६१. डॉक्टरांच्या खोलीत गिरिजाबाई. त्यांचे यजमान येसाजीराव बाहेर बाकावर.)

गिरिजाबाई: अय्यो, कावीळ कसली, डॉक्टर? चंपाषष्ठी होऊन चारच दिवस झाले की. खंडोबापुढं त्यांनीच भंडारा उधळला, सगळं घर हळदीनं पिवळं केलं. तोच अंगावरनं गेला नाही अजून.

डॉक्टर: डोळ्यांत पण भंडाराच आहे का?

गिरिजाबाई: असंल म्हणून मीच रोज साबण लावून चोळतेय त्यांना.

डॉक्टर: लघवी?

गिरिजाबाई: काळपट होतेय म्हणाले. मी म्हटलं, पाणी कुठं पिता तुम्ही!

डॉक्टर: मी त्यांना उदासीवर दिलेल्या गोळीनं यकृत बिघडलंय. आजपासून ती बंद. परदेशातही याच कारणानं बंद केलीय. उरलेल्या बाटल्या परत पाठवा म्हणून मला मद्रासहून कंपनीचं पत्र आलंय.

गिरिजाबाई: बंद? वेदवती गेल्यापासून दोन वर्षं माणूस भिंतीकडं तोंड करून सुम्ने, गप पडून होता. पोटच्या पोरीचं नाव काढलं नाही. त्या दिवशी भंडारा उधळताना म्हणाले, वेदा असती तर पहिली मूठ तिच्या डोक्यावर टाकली असती. आणि हसले हो! देव आहे ती गोळी माझा.

डॉक्टर: ऐका. मन उभं राहायला मेंदूत काही द्रव्यं लागतात. आपलं शरीरच ती रोज मोडत असतं. ही गोळी त्या मोडणाऱ्याचे हात बांधते, मग द्रव्यं साठतात आणि माणूस उठून बसतो. क्षयाच्या रोग्यांना देताना हे कळलं, खोकणारी माणसं हसायला लागली. पण काहींच्या यकृतावर ती उलटते. कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही.

गिरिजाबाई: अर्धी द्या. दिवसाआड द्या.

डॉक्टर: माणूस राहणार नाही, बाई.

गिरिजाबाई: नाही दिली तर कुठं राहतोय?

डॉक्टर: जीव राहील. दुसरं औषध आहे, पण यकृत सुधारल्यावर. आणि ते लागू पडेलच असं मी म्हणणार नाही.

गिरिजाबाई: हिचा गुण किती दिवस टिकेल?

डॉक्टर: दोन आठवडे. फार तर तीन.

गिरिजाबाई: ऐकू येतंय का? बाहेर हे तुमच्या कंपाउंडरला, स्वतः हुणसूरची बस चालवायचे तेव्हाच्या गोष्टी सांगतायत.

डॉक्टर: येतंय. आजच दाखल करू. त्यांच्याजवळ कोण राहील?

गिरिजाबाई: मीच राहते. बोलतायत तवर ऐकून ठेवते.