करंजखिंडीतली तिसरी हाक

ऐका. आधी तो मोबाइल उलटा घाल बाबा, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. हां. आता सरका जवळ.

आडवाडीचा हैबती. बसस्टँडाजवळ पंक्चर काढायचं दुकान होतं त्याचं, बघितलाय ना तुम्ही? त्याचा थोरला भाऊ सोपान. मोटारसायकलीचं भारी वेड. कुठं गोव्याला जाईल, कुठं हंपीला. त्यानं गाडीच्या हँडलवर वाट दाखवायचं यंत्र बसवलं होतं. तेव्हा मोबाइलमध्ये नकाशे नव्हते. या यंत्रात नकाशा दिसायचा, आणि वळण आलं की ते बोलायचं. त्यातली बाई इंग्रजी बोलायची, ते काय सोपानाला पटेना. मग पठ्ठ्यानं अंगणात बसून स्वतःचाच आवाज भरला त्यात. "डावीकडं वळ." "उजवीकडं वळ." "मागं फिर." आणि शेवटचं, "आलास बघ, उतर खाली." आवाज भरताना मागं आईची तांबडी कोंबडी कुकरत होती. ती पण भरली गेली! प्रत्येक वाक्याच्या शेपटाला कोंबडी.

आणि ते यंत्र वळण लांब असताना एकदा सांगायचं, जवळ आलं की दुसऱ्यांदा, आणि ऐन वळणावर तिसऱ्यांदा. सोपान हसायचा. म्हणायचा, "आये, तुझाच नियम पाळतंय बघ हे."

कुठला नियम? अरे, तुमच्या आयांनी काय शिकवलं तुम्हाला! रात्री कुणी हाक मारली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. ते जे दुसरं असतं ना, त्याला एकदाच मारता येते. एका हाकेला ओ दिलीस की गेलास.

तर तो सोपान काविळीनं गेला. तरणाताठा पोरगा. यंत्र पडलं ट्रंकेत.

तीन वर्षं झाली. आई होती लेकीकडं, खाली बोरतळीला. तिनं हाय खाल्ली होती. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. लेकीनं, मालननं, हैबतीला फोन केला. "आई दोन घास पण घेईना रे. दिवसभर एकच, सोपानाचा आवाज एकदा ऐकवा."

हैबतीनं ट्रंक उघडली. यंत्राची बॅटरी पुरीसारखी फुगलेली, रबर चिकट झालेलं, बटण दाबलं तर मढं. घेऊन गेला शब्बीरकडं, मोबाइल दुरुस्त करतो तो.

शब्बीर म्हणाला, "हैबूभाई, हे जुनं डबडं कशाला? मोबाइलमध्ये सगळं असतंय की."

"मोबाइलमध्ये दादा नाय," हैबती म्हणाला.

शब्बीरनं ते डबडं हातात घेतलं. दिवसभर बसला त्यावर. आतली मुंग्या लागलेली पट्टी साफ केली, तुटलेले टाके जोडले. पण त्या बनावटीची बॅटरी काही मिळेना. शेवटी त्यानं आतली बॅटरी काढून टाकली आणि वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. "वायर निघाली की हे बंद. याच्या पोटात काय नाय आता."

हे ध्यानात ठेवा. पोटात काही नाही.

दिवेलागण उलटून गेली होती. बायको म्हणाली, सकाळी जावा. ऐकतोय कुठला! आई उपाशी आहे, आणि दादाचा आवाज हातात आलाय. मारली किक, निघाला.

आता बोरतळीला नवा रस्ता झालाय, बोगद्यातून. पण यंत्र जुनं! त्याला ठाऊक एकच वाट, करंजखिंडीची. दरड कोसळली तेव्हापासून बंद पडलेली. फाटा यायच्या आधीच यंत्र बोललं, "डावीकडं वळ." कोंबडी कुकरली. परत, "डावीकडं वळ." ऐन फाट्यावर तिसऱ्यांदा. हैबतीचे डोळे भरून आले. वाट बंद आहे हे त्याला काय माहीत नव्हतं? पण दुचाकी निघते कडेनं, असं त्यानं मनाला सांगितलं. तीन वर्षांनी दादा काहीतरी सांगतोय, आणि मी त्याचं मोडू? वळवली गाडी डावीकडं.

खिंडीत शिरला आणि वारा बंद. पान हलेना. कडेला शेंदूर फासलेला धोंडा दिसला, पुढ्यात नारळाची करवंटी. हात जोडून पुढं गेला. दोन वळणं गेली. परत धोंडा, परत करवंटी! म्हटलं दुसरा असेल. अजून दोन वळणं. तोच धोंडा. यंत्रावरचा बाण एकाच जागी गरागरा फिरत होता.

चकवा! कळलं त्याला. चकवा म्हणजे काय ते सांगायला नको, रात्रभर तिथंच फिरवतो आणि पहाटे जीव घेतो.

मग गाडीची मागची स्प्रिंग कुरकुरली. मागं कुणीतरी बसावं तशी गाडी दबली. हैबतीनं मान वळवली नाही. शहाणा होता तेवढा. मानेवर गार श्वास. आणि यंत्र बोललं.

"हैबू, उजवीकडं वळ."

एकदाच. दादाचाच आवाज, अगदी तोच. पण दादानं यंत्रात हैबूचं नाव भरलंच नव्हतं! आणि कोंबडी? कोंबडी कुठंय?

"किती उशीर लावलास रे? मी इथं थांबलोय."

ओठांवर आलं होतं त्याच्या, "आलो दादा!" अहो, पाठचा भाऊ तो. तीन वर्षं त्या एका हाकेसाठी झुरलेला. तोंड उघडलं पण होतं. आणि आईचा नियम आठवला. जीभ चावली त्यानं, रक्त आलं. एका हातानं वायर धरली आणि खस्सकन उपटली.

पडदा काळा झाला.

आणि काळ्या पडद्यातून आवाज आला, "वायर काढलीस होय? मी काय वायरीवर बोलतो?"

बापरे! ब्रेक दाबतोय, गाडी थांबेना. समोर रस्ता कसा, कालच डांबर टाकल्यासारखा गुळगुळीत. टोकाला दिवा. दिव्याखाली सोपान उभा, काखेत हेल्मेट, हात हलवतोय. ये, ये. हैबती रडायला लागला. खोटं आहे हे कळत होतं, तरी डोळे तिकडंच. गाडी ओढल्यागत चालली.

तेवढ्यात त्या मेल्या यंत्रातनं एक आवाज आला. घोगरा, खरखरीत.

"मागं फिर."

मागून कुक् कुक्.

"मागं फिर."

कुक् कुक्.

हैबतीनं कान टवकारले. तिसरी येते का? येते का तिसरी?

"मागं फिर!"

त्यानं दोन्ही ब्रेक आवळले आणि गाडी आडवी टाकली. घसटत घसटत थांबली. दिवा गेला, सोपान गेला, डांबर गेलं. हेडलाइटच्या उजेडात पुढं काहीच नाही. रस्ताच नाही! दरडीनं तोडलेला कडा. पुढचं चाक अर्धं बाहेर, अधांतरी फिरतंय. एक दगड सुटला खाली. पडल्याचा आवाज येईपर्यंत हैबतीनं देवाचं नाव घेऊन संपवलं.

गाडी कशी ओढली, कशी वळवली, त्याला आजही सांगता येत नाही. मागून हाका. शब्बीरच्या आवाजात, "हैबूभाई!" आईच्या आवाजात, "हैबू!" मालनच्या आवाजात. दर आवाजात एकच. त्यानं ओ दिली नाही.

फाट्यावर आल्यावर वायर परत जोडली आणि नवा रस्ता धरला. यंत्राला तो ठाऊकच नाही! वाटभर ओरडतंय, "मागं फिर, मागं फिर," आणि कोंबडी. हैबती हसतोय आणि रडतोय. "नाय फिरत दादा, आता नाय फिरत."

मालनच्या दारात गाडी लागली. ते घर सोपानानंच यंत्रात टाकून ठेवलं होतं. यंत्र म्हणालं, "आलास बघ, उतर खाली." पोचल्यावर ते एकदाच सांगतं.

आत आई टक्क जागी. आवाज ओळखला होता तिनं, दोन्ही हातांनी गोधडी घट्ट धरली होती. पण ओ दिली नाही तिनं. मालन म्हणाली, "आई, ऐकलंस ना?"

आई पुटपुटली, "एकदाच आली गं."

हैबती उंबऱ्यात उभा होता, त्यानं ते ऐकलं. गाडीवर बसला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, परत दारात आला. "आलास बघ, उतर खाली." परत गेला, परत आला. शेजारीपाजारी उठले, म्हणाले पोरगं बिघडलं काय!

"आलास बघ, उतर खाली." कुक् कुक्.

तिसरी झाली.

आणि आतून आईनं ओ दिली. "ओ रे, सोपाना! ओ!" तीन वर्षांचं रडं बाहेर आलं तिचं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ती तांबडी कोंबडीच गं. मालन, भाकरी आहे का शिळी?"

आई पुढं सहा पावसाळे जगली.

पण ती वाट धरू नका. यंत्र सांगो, मोबाइल सांगो, कुणी मायेचं माणूस सांगो. करंजखिंडीत शिरू नका. हैबतीला तिसरी हाक मारणारा होता. तुम्हाला कोण मारणार?

चला, उठा आता, निजा. कोण रे ते, अंगणातून कुणी हाक मारली का?

थांब, ओ देऊ नको. एकच झाली.