जामीनदाराचा पगार

पगाराच्या खिडकीशी माझ्यापुढे एक जोडपं होतं. बाई आतल्या कारकुनाशी भांडत होती. नवरा तिची पिशवी सांभाळत मागे उभा.

"यांचा पगार कुणी खाल्ला?"

"कुणी नाही, ताई. कोर्टाचा हुकूम आहे. कर्ज फिटेपर्यंत दरमहा कापून तिकडे भरावं लागतं. पोटापुरता सोडतो आम्ही."

"यांनी जन्मात कर्ज काढलं नाही!"

"जामीन राहिलेत. ज्याने काढलं, त्याने हप्ते बुडवले."

"अगं, चल ना घरी."

"थांबा हो! कुणी बुडवले?"

"तुझ्या भावाने."

"अगंबाई! आणि परवा त्याची नवी गाडी बघून मी तुम्हालाच म्हणाले, शिका जरा त्याच्याकडून!"

"शिकतोच आहे. फी पगारातून जाते."